मोबाईलमधलं ॲप तुमची कोणती माहिती घेतं? ‘अलाऊ’ दाबण्याआधी हे वाचा

चंद्रपूर / गडचिरोली : धानाची ई-पीक पाहणी, रोजगार हमीची हजेरी, अंगणवाडीचा आहार, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, शेतकऱ्यांची फार्मर आयडी. सरकारी कामं एकेक करून मोबाईलवर आली आहेत. सोबत हवामानाची, कर्जाची, गाण्यांची आणि गेमची ॲपही आली. ॲप पहिल्यांदा उघडलं की ते विचारतं, लोकेशन देऊ का, कॉन्टॅक्ट देऊ का, फोटो देऊ का. काम अडलेलं असतं, पाठी रांग असते, म्हणून आपण न वाचता ‘अलाऊ’ दाबून मोकळे होतो.

त्या एका बोटाने आपण नेमकं काय देतो, ते पुढे कुठे जातं, कोणती परवानगी सरळ नाकारायची, दिलेली परत कशी घ्यायची, कायदा काय सांगतो आणि फसवणूक झाली तर कुठे जायचं, याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

माहिती जाते ती तीन वाटांनी

पहिली वाट म्हणजे आपण स्वतः भरून देतो ती माहिती : नाव, मोबाईल नंबर, आधार, बँक पासबुक, सातबारा.

दुसरी वाट परवानगीची. कॉन्टॅक्टची परवानगी दिली की फोनमधले सगळे नंबर ॲपला वाचता येतात. त्यात सोयरे, शेजारी, दुकानदार, डॉक्टर असे सगळे आले. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, त्यांच्या वतीने ‘हो’ आपणच म्हणून टाकतो.

तिसरी वाट दिसत नाही. ॲप बनवणारे लोक जाहिरात कंपन्यांचे तयार तुकडे आपल्या ॲपमध्ये बसवतात. प्रत्येक अँड्रॉईड फोनला एक जाहिरात आयडी असतो. कोणत्या फोनवर काय उघडलं, किती वेळ पाहिलं, हे त्या आयडीच्या नावाने जमा होत जातं. वेबसाईटवर हेच काम ‘कुकी’ करते. कुकी म्हणजे वेबसाईटने आपल्या फोनमध्ये ठेवलेली छोटी नोंद. म्हणून सकाळी फवारणी पंपाचा भाव पाहिला, की संध्याकाळी दुसऱ्याच ॲपमध्ये पंपाची जाहिरात दिसते.

“फोन आपलं बोलणं ऐकतो” असं बरेच जण म्हणतात. पण जाहिरात दाखवायला बोलणं ऐकायची गरजच पडत नाही. काय शोधलं, कुठे गेलो, कोणता व्हिडिओ किती वेळ पाहिला, एवढ्यावरून पुरेसा अंदाज बांधता येतो. अँड्रॉईड १२ आणि पुढच्या फोनमध्ये माईक किंवा कॅमेरा सुरू असला की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. तुम्ही फोनवर बोलत नसताना, फोटोही काढत नसताना ती दिसली, तर तिच्यावर बोट ठेवून कोणतं ॲप आहे ते पाहा.

टॉर्चला लोकेशन कशाला?

अमेरिकेत ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचं टॉर्चचं फुकट ॲप खूप चाललं होतं. काम एकच, उजेड पाडायचं. पण ते लोकांचं लोकेशन आणि फोनची ओळख जाहिरात कंपन्यांना देत होतं. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ते उघड करून कंपनीवर कारवाई केली.

आता आपली ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. तिलाही लोकेशन आणि कॅमेरा लागतो. पण इथे कारण आहे : फोटो त्याच गटातल्या पिकाचा आहे, हे त्यावरून ठरतं. म्हणजे दोन्ही ॲप एकच परवानगी मागतात, पण एकाचं कारण सांगता येतं आणि दुसऱ्याचं नाही.

परवानगी देताना एवढंच विचारा : जे काम करायला मी हे ॲप घेतलं, त्या कामाला ही गोष्ट लागते का? लागत नसेल तर नाही म्हणा. नाही म्हटलं म्हणून बहुतेक ॲप बंद पडत नाहीत.

आपल्या भागाला ही पद्धत नवी नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेते, आणि त्याआधी अभ्यास गटात विषय समजून घेतला जातो. कशाला पाहिजे, किती पाहिजे, कोण नेणार, हे कळल्याशिवाय ठरावावर सही नाही. जंगलाच्या बाबतीत जी चौकशी आपण करतो, तीच खिशातल्या फोनच्या बाबतीत करायची आहे.

कोणती परवानगी कुणाला द्यायची?

• लोकेशन : नकाशा, ई-पीक पाहणी, हवामान यांना ठीक. तेही ‘ॲप वापरताना’ एवढंच. ‘नेहमी’ देऊ नका. गेम, टॉर्च, गाणी यांना नाही.

• कॉन्टॅक्ट : व्हॉट्सॲपसारख्या बोलण्याच्या ॲपला लागतात. कर्ज, गेम, खरेदी, कीबोर्ड यांना नाही.

• फोटो आणि फाइल : नव्या फोनमध्ये ‘निवडलेले फोटो’ एवढीच परवानगी देता येते. तेच निवडा. गॅलरीत आधार, पासबुक आणि घरच्यांचे फोटो असतात, हे लक्षात ठेवा.

• एसएमएस : ही फार जपून. एसएमएस वाचता आले म्हणजे बँकेचा ओटीपी वाचता आला. बँक आणि यूपीआय ॲप नंबर तपासायला एसएमएस मागतात, तिथे कारण आहे. इतरांना नाही.

• माईक आणि कॅमेरा : ‘फक्त या वेळी’ हा पर्याय निवडा.

• ॲक्सेसिबिलिटी : ही सोय डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांसाठी किंवा अपंगांसाठी आहे. ती मिळाली की ॲप तुमची स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. अनोळखी ॲपने ही मागितली तर ते ॲप तिथल्या तिथे काढून टाका.

कर्जाचं ॲप : कॉन्टॅक्ट मागितले की तिथेच थांबा

पाच मिनिटांत पाच हजार देणाऱ्या ॲपनी राज्यभर अनेकांना रडवलं आहे. पद्धत ठरलेली. आधी कॉन्टॅक्ट आणि फोटोची परवानगी घ्यायची. हप्ता चुकला, कधी तर न चुकताही, नातेवाइकांना फोन करायचे, फोटोत फेरफार करून पाठवायचे. पैशांपेक्षा लोक बदनामीला घाबरतात, हे त्यांना माहीत असतं.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये आणि नंतर ८ मे २०२५ च्या निर्देशांत स्पष्ट सांगितलं आहे : डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फाइल, फोटो, कॉन्टॅक्ट, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माईक, लोकेशन लागलं तर ओळख तपासण्यापुरतं, एकदाच, आणि तुमच्या संमतीने. गुगलनेही ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्ज ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो घ्यायला बंदी केली आहे.

म्हणजे कर्जाचं ॲप कॉन्टॅक्ट मागत असेल, तर ते नियम मोडतंय. पुढे जाऊच नका. कोणत्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं कोणतं ॲप आहे, त्याची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर आहे. कर्ज घेण्याआधी त्यात नाव पाहा. मोबाईलवरून जमत नसेल तर बँक मित्राला किंवा बचत गटाच्या ताईंना पाहायला सांगा.

व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल

‘पीएम किसानची यादी’, ‘गाडीचं चलान’, ‘बँक केवायसी’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावाने ग्रुपवर फाइल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती यादी नसते, पत्रिकाही नसते, ते ॲप असतं. दाबलं की फोनमध्ये बसतं, एसएमएस वाचायला लागतं, आणि ओटीपी परस्पर बाहेर जातो. मग तीच फाइल तुमच्या नावाने तुमच्या ग्रुपवर जाते. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून खरी समजू नका.

खऱ्या सरकारी वेबसाईटचा पत्ता बहुतेक करून ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा सारख्याच दिसणाऱ्या खोट्या वेबसाईट निघाल्याच्या बातम्या आल्या होत्या. पत्त्याचा शेवट वाचायची सवय लावा. लिंक ग्रुपवरून उघडू नका.

आधार आणि अंगठा

पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. आधार नंबर आणि अंगठा यावर गावातल्या मशीनवर पैसे निघतात, तिथे ओटीपी लागत नाही. म्हणून हे दोन्ही एकत्र कुणाच्या हाती लागले तर धोका मोठा.

सिरोंच्याच्या पलीकडे, तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात २०१८ मध्ये एक प्रकरण गाजलं. एका सिम विक्रेत्याने जमीन नोंदणीच्या दस्तऐवजांवरचे लोकांचे अंगठे वेबसाईटवरून उतरवले, त्यांचे रबरी ठसे केले आणि त्यावर हजारो सिम कार्ड चालू केली. ज्यांचे अंगठे होते, त्यांना पत्ताही नव्हता.

यावर उपाय आहेत :

• बायोमेट्रिक लॉक : ‘माय आधार’ वेबसाईटवर किंवा आधारच्या सरकारी ॲपमध्ये अंगठा, डोळे आणि चेहरा लॉक करता येतो. त्यासाठी मोबाईल नंबर आधारशी जोडलेला हवा. पण एक ध्यानात ठेवा : लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा लागणार नाही. रेशन घ्यायच्या दिवशी थोड्या वेळासाठी अनलॉक करावं लागतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं लॉक करताना ते त्यांना समजावून सांगा, नाहीतर ते दुकानातून रिकाम्या हाताने परत येतील.

• मास्क्ड आधार : यात फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. चालत असेल तिथे हेच द्या.

• झेरॉक्स आणि सेतू केंद्र : दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधारची पीडीएफ पाठवली असेल, तर काम झाल्यावर ती समोर डिलीट करायला सांगा. खराब निघालेली झेरॉक्स सोबत घेऊन या. झेरॉक्सवर तारीख आणि काम लिहा : ‘फक्त जातीच्या दाखल्यासाठी’.

• अंगठा दोनदा मागितला तर आधी विचारा, पहिला का लागला नाही. पैसे काढताना पावती घ्या.

सरकारी ॲपला ‘नाही’ म्हणता येतं का?

इथे गोष्ट अवघड होते. टॉर्चचं ॲप काढून टाकता येतं. पण कामावर हजेरी लागली नाही तर मजुरीच बुडते.

रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून एनएमएमएस ॲपने हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, त्यासोबत वेळ आणि जागेची नोंद. नेटवर्क नाही, ॲप चालत नाही, म्हणून हजेरी बुडते, अशा तक्रारी देशभरातल्या मजुरांनी केल्या. एवढं करून गैरप्रकार थांबले का? केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच जुलै २०२५ मध्ये राज्यांना पत्र लिहून सांगितलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचेच फोटो असले प्रकार ॲपवर होत आहेत. म्हणजे माणसाचा चेहरा तर घेतला, चोरी मात्र पकडली गेलीच असं नाही.

अंगणवाडीचं पोषण ट्रॅकर १ मार्च २०२१ ला आलं. गरोदर बाई, बाळंतीण, बाळाचं वजन-उंची सगळं त्यात भरलं जातं. ॲप इंग्रजीत आणि मिळालेला फोन निकृष्ट, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी फोन परत करण्याचं आंदोलन केलं होतं. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणीही सक्तीची झाली.

नवा कायदाही इथे सरकारला सूट देतो. अनुदान, लाभ, दाखला किंवा परवाना देण्यासाठी सरकारला आपली माहिती वेगळ्या संमतीशिवाय वापरता येते. पण नियमांनी सरकारवर अटीही घातल्या आहेत : कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची आणि ती सुरक्षित ठेवायची. म्हणून कर्मचाऱ्याशी भांडू नका, त्याच्याही हातात फारसं नसतं. ग्रामसभेत प्रश्न विचारा : हा फोटो कशासाठी, किती दिवस ठेवणार, कोण पाहू शकतं, नेटवर्क नसेल तर कागदावरची हजेरी मान्य होणार का? उत्तर लेखी मागा आणि ठरावात घ्या.

कायदा काय सांगतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची बहुतेक बंधनं नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात.

कायद्यातले कामाचे मुद्दे असे :

• संमती मोकळेपणाने, ठरावीक कामासाठी आणि समजून घेतलेली असली पाहिजे. कायद्यातच एक उदाहरण आहे : डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने कॉन्टॅक्ट मागितले आणि बाईने ‘हो’ म्हटलं, तरी ती संमती कॉन्टॅक्टपुरती धरायची नाही, कारण सल्ला द्यायला कॉन्टॅक्ट लागत नाहीत.

• दिलेली संमती परत घेता आली पाहिजे, आणि ती देण्याइतकीच सोपी असली पाहिजे.

• १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला आई-वडिलांची संमती लागते. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येत नाहीत.

• माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचं नुकसान झालं, त्याला त्यातून काही मिळत नाही.

एक मुद्दा खास आपल्या भागाचा. संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्यात आहे. सिरोंच्यातली तेलुगू आहे, मुलचेऱ्यातली बंगाली आहे. गोंडी आणि माडिया मात्र नाहीत. भामरागड, एटापल्लीत ज्यांच्या घरची भाषा माडिया आहे, त्यांना ‘समजून घेतलेली संमती’ परक्या भाषेतच द्यावी लागेल. तोवर हे काम गावातल्या शिकलेल्या पोरापोरींना करावं लागणार : आजीचा अंगठा घेण्याआधी काय लिहिलंय ते तिच्या भाषेत सांगा.

आजच करा, दहा मिनिटांचं काम

फोनच्या कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात.

१. सेटिंग्ज उघडा, ‘गोपनीयता’ किंवा ‘प्रायव्हसी’मध्ये ‘परवानगी व्यवस्थापक’ (परमिशन मॅनेजर) शोधा. लोकेशन, कॉन्टॅक्ट, एसएमएस, माईक एकेक उघडा आणि नको त्या ॲपची परवानगी काढा.

२. सेटिंग्ज, गुगल, ‘जाहिराती’ (ॲड्स) इथे जाऊन जाहिरात आयडी हटवा.

३. ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे’ (इन्स्टॉल अननोन ॲप्स) यात व्हॉट्सॲप आणि क्रोम दोन्ही बंद ठेवा.

४. क्रोममध्ये वेबसाईटच्या सूचना (नोटिफिकेशन) बंद करा. सारख्या येणाऱ्या ‘बक्षीस लागलं’ जाहिराती बहुधा तिथूनच येतात.

५. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइस’मध्ये पाहा. झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर अजून जोडलेला दिसला तर लॉग आउट करा.

६. न वापरलेली ॲप काढा. फोन विकताना किंवा दुसऱ्याला देताना फॅक्टरी रिसेट करा.

७. ‘संचार साथी’ वेबसाईटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा.

नुकसान झालंच तर

• पैसे गेले : लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. तक्रार ‘सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन’वरही करता येते.

• बँकेला ३ कामाच्या दिवसांच्या आत कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही या मुदतीत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

• आधारची अडचण : १९४७.

• कर्ज ॲपवाले धमकावत असतील तर पैसे भरत बसू नका. मेसेज आणि नंबरचे स्क्रीनशॉट ठेवा आणि पोलीस ठाण्यात जा. घरच्यांना आधी सांगा. अशा धमक्या लपवल्या की वाढतात.

• फोन हरवला किंवा चोरीला गेला : पोलिसांत तक्रार देऊन ‘संचार साथी’वर फोन ब्लॉक करा. सिमही बंद करून घ्या.

ही माहिती घरातल्या ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, आणि पुढच्या ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत मांडा. दहा मिनिटांचं काम तिथे सगळ्यांनी मिळून, आपापला फोन हातात घेऊन करता येईल.